खेळांतील तोफ आणि मालेगांवचा वेढा

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत संगणकावरील खेळांचें परीक्षण यावें, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. ज्या पृष्ठांवर ताम्रपट, सनदा आणि महजर यांची चर्चा व्हावयाची, तेथें मुलांच्या करमणुकीस जागा कां द्यावी, असाहि प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर एवढेंच कीं, १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना कै. राजवाडे यांनीं बखरींस अस्सल पत्रांच्या कसोटीस लावलें, तेव्हां लोकांच्या मनांतील इतिहास बव्हंशीं बखरींनींच घडविलेला होता. आज पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनांत अठराव्या शतकाचें जें चित्र असतें, तें घडविण्यांत ह्या खेळांचा वाटा लहान नाहीं. सबब बखरीस जो न्याय लावला, तोच खेळासहि लावणें प्राप्त आहे.

परीक्षणार्थ मुख्यतः दोन खेळ घेतले आहेत. पहिला ‘एम्पायर : टोटल वॉर’. हा इंग्लंडांतील क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीनें २००९ सालीं काढला. यांत १७०० पासून त्या शतकाच्या अखेरपर्यंतचा काळ असून, खेळणाऱ्यास जीं राज्यें घेतां येतात त्यांत मराठ्यांचेंहि एक आहे. दुसरा ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा तिसरा भाग व त्यास २००७ सालीं जोडलेली ‘दि एशियन डायनॅस्टीज’ ही पुरवणी. हींत हिंदुस्थान, चीन व जपान असे तीन पक्ष आहेत. हे खेळ स्वतः खेळण्याइतका प्रस्तुत लेखकाचा हात चपळ नाहीं. नातू खेळे आणि मी शेजारीं वही घेऊन बसें. त्या वहींतील टिपणांवरून हा लेख सिद्ध केला आहे. चित्रांचा देखणेपणा, आवाज, खेळाची रंजकता यांविषयीं येथें मत द्यावयाचें नाहीं. तोफ आणि तट एवढाच विषय आहे.

आधीं गुण सांगतों. ‘एम्पायर’मध्यें तोफेच्या माऱ्याचे प्रकार वेगवेगळे मानले आहेत. भरीव लोखंडी गोळा पलटणीच्या रांगांतून आरपार जातो, जवळच्या माऱ्यास छर्रा आहे, आणि पुढें विद्या वाढली कीं पोटांत दारू भरलेला, ज्यास आमच्या जुन्या कागदांत कुलपी गोळा म्हणतात, तोहि मिळतो. बार उडाला कीं दाट पांढरा धूर मोर्चापुढें पसरतो. काळ्या दारूच्या लढाईचें हें लक्षण चित्रपटवाले देखील पुष्कळदां विसरतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्यें तोफेस दोन अवस्था आहेत : एक ओढून नेण्याची व दुसरी जागेवर मांडून डागण्याची. एकींतून दुसरींत जाण्यास कांहीं क्षण मोडतात, आणि नेमके त्याच क्षणीं शत्रूचे स्वार आले तर तोफ फुकट जाते. उखळी तोफ इमारती व जहाजें यांवरच चालते, धांवत्या माणसांवर चालत नाहीं. ज्यानें हें ठरविलें त्यास गरनाळीचा गोळा उंच चढून सावकाश उतरतो, इतकें खास ठाऊक होतें. उंटावरची जंबूर घोडेस्वारांविरुद्ध उपयोगी धरली आहे, तेंहि वावगें नाहीं.

हत्तीच्या बाबतींत मात्र खेळ घसरला. हिंदुस्थानच्या पक्षास पाठीवर तोफ बांधलेला एक हत्ती मिळतो, आणि त्याचें मुख्य काम इमारती पाडणें हें आहे. गजनाळ ही वस्तु खरी. परंतु ती हलकी, मैदानांत माणसांवर डागावयाची. तट फोडणारी तोफ हत्तीच्या पाठीवर चढविली तर पहिल्या बारासच हत्ती, माहूत आणि तोफ यांची काय गति होईल, हें सांगावयास नको. येथें आमच्याच घरांतील एक जुनी खोड आठवते. रामायणांतील शतघ्नी म्हणजे तोफच होय, असें आमच्या कित्येक पंडितांनीं मोठ्या आवेशानें प्रतिपादिलें. शुक्रनीतींत नालिक व अग्निचूर्ण हे शब्द दिसतांच प्राचीन आर्यांचा तोफखाना सिद्ध झाला असें त्यांस वाटलें. पुढें तो ग्रंथच बराच अर्वाचीन असावा असें विद्वानांनीं दाखविलें, तरी शब्द सांपडला कीं वस्तु सांपडली असें मानण्याची हौस अजून गेलेली नाहीं. खेळ रचणाऱ्यांनीं गजनाळीचें तेंच केलें आहे. नांव घेतलें, पण ती कशी चाले हें पाहिलें नाहीं.

परंतु हे सर्व गुणदोष किरकोळ होत. मुख्य आक्षेप तटासंबंधीं आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्यें प्रत्येक इमारतीस आयुष्याचा एक आंकडा दिलेला असतो, आणि गोळ्यागणिक त्यांतून ठराविक वजाबाकी होते. आंकडा एकावर येऊन ठेपला तरी तट उभा, अभेद्य व पूर्ण कामाचा. शून्य झाला कीं तो नाहींसा होऊन वाट मोकळी. मधल्या वेळांत थोडी सामग्री खर्ची घातली कीं तो पुन्हां अखंड होतो. ‘एम्पायर’मध्यें तट तुकड्यातुकड्यांनीं ढांसळतो, हें त्याहून पुष्कळ बरें. पण ढांसळलेला भाग म्हणजे वाट, ही समजूत तेथेंहि कायम आहे. शिवाय तेथें पायदळाच्या शिपायांजवळ दोर असतात. ते टाकून अख्खी पलटण तटावर चढते. दोर आंखूड पडला, असें कधीं घडत नाहीं.

ही समजूत कितपत खरी, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. चाळीसगांवाहून पन्नास-साठ किलोमीटरांवर, मोसम नदीच्या कांठीं, गिरणेच्या संगमाच्या अलीकडे मालेगांवचा भुईकोट किल्ला आहे. तो नारो शंकर राजेबहादुर यांनीं १७४० च्या सुमारास बांधला. आंत चौरस मुख्य कोट, त्याभोंवतीं दुसरा तट, बाहेर खोल खंदक. एका अंगास नदी आणि दुसऱ्या अंगास गांव. १८१८ च्या मे महिन्यांत पेशवाई बुडण्याच्या बेतांत होती. राजदेर व त्र्यंबक यांसारखे डोंगरी किल्ले एप्रिलांत घेऊन लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल मेच्या मध्यास येथें येऊन उतरला. आंत शिबंदी अरबांची, अवघी तीन-चारशें. डोंगरावरचे दुर्गम किल्ले थोडक्या दिवसांत पडले, तेव्हां मैदानांतला हा कोट तो काय टिकणार, असें त्याच्या छावणींत कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं.

१८ मे रोजीं मोर्चांचें काम सुरूं झालें, तोंच अरबांनीं बाहेर पडून हल्ला केला. त्यापुढें दहा दिवस मारा चालला. तटास खिंडार पडलें. खेळ असता तर येथें संपला असता. मालेगांवीं असें झालें कीं, २८ तारखेच्या सुमारास मोठ्या तोफांचा दारूगोळा संपत आला, आणि खिंडार पुरतें झालें कीं नाहीं याचा निर्णय ह्या टंचाईनेंच केला : दुसरे दिवशीं एल्गार करावयाचा. २९ मे रोजीं नॅट्स नांवाचा इंजिनियर अंमलदार खिंडाराच्या माथ्यावर पोंचला आणि तेथेंच गोळी लागून पडला. मागून आलेल्यांनीं शिड्या आंतल्या बाजूस सोडल्या, तों आंतला उतार इतका खोल निघाला कीं शिड्या खालीं दिसेनाशा झाल्या. बाहेरून पाहतां तट पडला होता. आंतून पाहतां तो उभाच होता. तुकडीस माघार घ्यावी लागली. त्याच दिवशीं दुसऱ्या तुकडीनें गांव मात्र हस्तगत केलें, पण किल्ला जेथल्या तेथें राहिला.

खिंडाराची आंतली बाजू त्यावर चढेपर्यंत दिसत नाहीं, ही अडचण खेळणाऱ्यास ठाऊकच नसते. तो घारीसारखा वरून पाहत असतो. धूर कितीहि काढला तरी तो शिपायांच्या डोळ्यांपुढें. सेनापतीच्या डोळ्यांपुढें नाहीं. वस्तुतः खंदकाची खोली, पडलेल्या दगडमातीचा उतार आणि मागील दुसऱ्या तटाची उंची यांची माहिती मिळविण्यांतच वेढ्यांतल्या इंजिनियरांचे प्राण जात.

एल्गार फसल्यावर नाकेबंदी झाली. नवी कुमक आणि अहमदनगराहून तोफा व दारूगोळा येईतों जूनचा पहिला आठवडा उलटला. ११ जून रोजीं पहांटे पांच उखळी तोफा व चार हॉवित्झर यांनीं मारा सुरूं केला, आणि दुपार होण्यापूर्वींच किल्ल्यांतील दारूचें कोठार उडालें. आंतल्या तटाचा पूर्वेकडील मोठा भाग खंदकांत कोसळला. दोन दिवसांत बोलणें लागलें. या वेढ्यांत इंग्रजांकडील ठार व जखमी मिळून दोनशेंच्या आसपास झाले. दहा दिवसांच्या भरीव गोळ्यांनीं जें साधलें नाहीं, तें किल्ल्याच्या स्वतःच्या दारूनें एका सकाळींत साधलें. हा प्रसंग खेळांत मांडूं म्हटलें तर त्यास जागाच नाहीं, कारण खेळांतील तटाच्या आंत कोठार नाहीं. तट एकटाच मरतो.

याच्या उलट प्रकार पुढल्याच वर्षीं अशीरगडावर घडला. १८१९ च्या मार्चांत वेढा घालणाऱ्यांच्याच मोर्चाजवळील दारूचा सांठा उडून कंपनीचे तीसाहून अधिक शिपाई एका क्षणांत ठार झाले. खेळांतील गोलंदाज नेहमीं शत्रूच्या हातून मरतो. आपल्याच पिंपांत ठिणगी पडून मरत नाहीं.

आतां दारूगोळा संपतो म्हणजे काय होतें, याचा थोडा हिशेब करूं. शाळेंत त्रैराशिक शिकविण्यांत आयुष्य गेलेल्यास हा मोह आवरत नाहीं. अठरा पौंडी गोळ्याची लोखंडी तोफ स्वतः सुमारें दोन टनांची. तट फोडावयाचा तर दर बारास गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे सहा पौंड, दारू लागे. दिवसास शंभर बार धरले तर १८०० पौंड लोखंड आणि ६०० पौंड दारू, एकूण २४०० पौंड. लादणीच्या बैलाच्या पाठीवर १६० पौंड ओझें धरलें, तर एका तोफेच्या एका दिवसास पंधरा बैल झाले. चार तोफांच्या दहा दिवसांस सहाशें. तोफा ओढणारे बैल, त्यांचा कडबा आणि मे महिन्याच्या खानदेशी उन्हांत त्यांचें पाणी हें सर्व निराळेंच. १८०३ च्या स्वारींतील वेलस्लीचीं पत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांस त्यांतून बैलांची चिंता पदोपदीं कशी डोकावते हें ठाऊकच आहे.

ह्या हिशेबाची खेळांत काय दाद आहे? ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्यें मुख्य जिनसा तीन : अन्न, लांकूड व नाणें. तोफ एकदां उभी केली कीं ती प्रलयकालापर्यंत डागीत बसावें. ‘एम्पायर’मध्यें एका लढाईपुरते बार मोजके आहेत, एवढा विवेक ठेवला आहे, परंतु लढाई संपली कीं पेटारे आपोआप भरतात. त्याच्या व्यापारांत कापूस, साखर, मसाले, चहा, हस्तिदंत सर्व कांहीं आहे, सोरा नाहीं. वस्तुतः बंगाल-बिहारचा सोरा ही कंपनीच्या व्यापारांतील केवढी महत्त्वाची चीज होती! या बाबतींत ‘सिव्हिलायझेशन’ या तिसऱ्याच एका खेळाचा सहावा भाग अधिक शहाणा निघाला. त्याच्या २०१९ सालच्या पुरवणींत किल्ले पाडणारी तोफ उभी करावयाची तर गांठीं सोरा असावा लागतो. या एका गोष्टीसाठीं मी त्या खेळास, त्याचे इतर पुष्कळ दोष पोटांत घालून, वरचा वर्ग देईन.

दुसरा दोष काळाचा आहे, आणि माझ्या मतें तो अधिक खोल आहे. ‘एम्पायर’च्या नकाशावर एक डाव म्हणजे अर्धें वर्ष. प्रत्यक्ष लढाई सुरूं झाली म्हणजे घड्याळांतील मिनिटें. मालेगांवचे पंचवीस-सव्वीस दिवस ह्या दोहोंच्या मधल्या फटींत पडतात, आणि तेथें कांहींच नाहीं. वेढ्याचें सगळें मर्म तर ह्याच फटींत असतें. दिवसां पाडलेलें खिंडार आंतले लोक रात्रीं माती व लांकडें टाकून बुजवितात. बाहेरचे रात्रीं मोर्चे दहा हात पुढें सरकवितात. कुमक अमुक दिवसांनीं येणार असल्याची बातमी फुटते. आणि मृग नक्षत्र जवळ येऊं लागतें. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत मोसमेला पाणी येण्यापूर्वीं हें काम उरकणें वेढेकऱ्यांस किती निकडीचें असेल, हें ह्या मुलुखांत राहणाऱ्यास समजावून सांगावें लागणार नाहीं.

कोणी म्हणेल, हा खेळ आहे, त्यास इतका त्रास कां? बुद्धिबळांतील उंट तिरपा जातो म्हणून कोणी हरकत घेत नाहीं. हें खरें. पण बुद्धिबळाच्या पटावर साल लिहिलेलें नसतें व त्यांतील राजास पेशवा म्हटलेलें नसतें. ज्या खेळानें १७०० हें साल, मराठ्यांचें नांव आणि हिंदुस्थानचा नकाशा घेतला, त्यानें इतिहासाची साक्ष आपण होऊन काढली आहे. मग उलटतपासणीस हरकत कसली? शिवाय हे फरक घातले तर खेळ कंटाळवाणा होईल, असेंहि मला वाटत नाहीं. उरलेले गोळे साठ, कुमक आठ दिवसांवर, खिंडाराची आंतली बाजू अज्ञात. आज एल्गार करावा कीं थांबावें? असा पेंच खेळणाऱ्यापुढें टाकला तर तो घटकाभर डोकें धरून बसेल. मॅकडॉवेलहि बसला असेल.

तोफेवांचून दुसऱ्या उपायांची खेळांत होणारी उपेक्षाहि लक्षांत घेण्यासारखी आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली ती मोठ्या अंशीं सुरुंगांच्या बळावर. तट पोखरावा, दारू ठांसावी, बत्ती द्यावी, आणि सुरुंग वेळेवर न उडाला किंवा उलटा उडाला तर आपलीच माणसें मातींत गाडलेलीं पाहावीं, असें तें भयंकर काम. वरील दोन्ही खेळांत जमिनीच्या वर सर्व आहे. जमिनीखालीं कांहीं नाहीं.

हें सर्व कोणाच्या पदरांत काय घालतें, तें एका अनुभवानें सांगतों. मागें एका शाळेंत मालेगांवच्या वेढ्यावर बोलण्याचा प्रसंग आला असतां नववींतील एका मुलानें विचारलें, ‘सर, इंग्रजांकडे मोठ्या तोफा होत्या ना? मग एवढे दिवस कां लागले? त्यांचे गोलंदाज कच्चे होते का?’ मुलगा हुशार होता व प्रश्न प्रामाणिक होता. त्यानें शेंकडों तट पाडलेले होते. कोणत्याहि तटास पाव तासाहून अधिक वेळ लागला नव्हता. तेव्हां जेथें वेळ लागला तेथें माणूस नालायक असला पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाशीं सुसंगतच होता. हीच तर्कपद्धति उलटी फिरविली म्हणजे काय होतें पाहा. १८१८ च्या पूर्वार्धांत नाशिक-खानदेशांतले पुष्कळ किल्ले अल्प प्रतिकारानें किंवा प्रतिकाराविना पडले. त्या किल्लेदारांस भ्याड व फितूर ठरविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. फितुरी झालीच नसेल असें नाहीं. पण कोणत्या किल्ल्यांत त्या दिवशीं दारू किती मण होती, गोळे कोणत्या मापाचे होते, शिबंदीचा पगार किती महिन्यांचा थकला होता, याची झडती घेतल्यावांचून तो निकाल देणें, म्हणजे खेळांतल्या आंकड्यावर निवाडा करण्यासारखेंच होय. तुफान धैर्याचे अरब मालेगांवीं होते. कोठार उडाल्यावर तेहि दोन दिवसांत बोलण्यावर आले. धैर्य त्यांचें ११ तारखेस कमी झालें नव्हतें. दारू नव्हती.

किल्ल्यांच्या झडतींच्या याद्या, दारूखान्याचे जमाखर्च, गोळे व शिसें यांच्या रवानगीचीं पत्रें पेशवे दफ्तरांत आणि जुन्या घराण्यांच्या रुमालांत आहेत. राजकारणाच्या पत्रांपुढें तीं आजवर मागें पडलीं, हें आम्हां संशोधकांचेंहि वैगुण्य आहे. खेळ रचणाऱ्या परदेशी मंडळींनीं सोऱ्याचा हिशेब ठेवला नाहीं, अशी तक्रार करतांना आपण मराठींत तो किती छापला आहे, हेंहि पाहिलें पाहिजे.

किल्ला पडल्यानंतर काय होतें, याविषयीं दोन शब्द लिहून हें टिपण पुरें करतों. खेळांत तट ओलांडून चौक घेतला कीं पडद्यावर विजयाचीं अक्षरें उमटतात. मालेगांवीं कागद लिहावा लागला, आणि तो मराठींत लिहिला गेला. त्यांतील शब्द इतके मोघम उतरले कीं आपणांस हवें तेथें जाण्याची मोकळीक मिळाली, असा अर्थ अरबांनीं लावला. मॅकडॉवेलच्या मनांत तसें नव्हतें. प्रकरण एल्फिन्स्टन यांजकडे गेलें, आणि कागद जसा लिहिला आहे तसा, अरबांच्या बाजूनें उदारपणें वाचावा, असें त्यांनीं ठरविलें.